लेबलावरची शून्यं

नवे साहेब रुजू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला मीटिंगला बोलावलं. गुजरातेत, शहराबाहेर छाणीच्या पलीकडे औषधांचा कारखाना होता, त्याच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही सहाजण काम करायचो. काचेच्या भिंतीआडची थंडगार खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, आत मशीनची सतत घरघर. ही नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. तोवर आमचं सगळं काम कोबॉल नावाच्या जुन्या भाषेत चालायचं, आणि व्यवस्थित चालायचं.

साहेब बेंगळूरहून आले होते आणि इंग्रजीतच बोलत. कंपनीचा परदेशात करार झालाय, त्या लोकांना आपली सिस्टिम नवी हवी आहे, तेव्हा आता सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहायचं. शिकवायची व्यवस्था कंपनी करेल. दिवाळीनंतर प्रत्येकानं एक प्रोग्रॅम करून दाखवायचा. ज्यांना जमेल ते नव्या टीममध्ये.

"आणि ज्यांना जमणार नाही?" कुणीतरी विचारलं.

"त्यांना कंपनी दुसरीकडे सामावून घेईल," साहेब म्हणाले.

हा शब्द आम्हाला चांगला ठाऊक होता. आदल्या वर्षी टायपिस्ट लोकांना असंच सामावून घेतलं होतं. त्यांच्यातली एक बाई गोडाऊनमध्ये खोके मोजत होती. मी तेहतीस-चौतीस वर्षांची होते, मुलगी चौथीत होती, आणि मी स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवून घेत आले होते. मीटिंगमधून बाहेर पडताना मला माझ्या चपला लवकर सापडेनात.

आमच्यात सगळ्यात अनुभवी होते काका. ते माझे सख्खे काका नव्हेत. माझ्या माहेरच्या ओळखीतले, पन्नाशी ओलांडलेले. आजोबा-पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि तो ताठपणा त्यांच्या पाठीत उतरला होता. विभागातली गुजराती मंडळीही त्यांना काकाच म्हणायची. मी नवी लागले तेव्हा मला कोबॉल त्यांनीच शिकवलं. त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रोग्रॅम लेबलांचा. औषध कुठलं, कधी बनलं, हे पाहून तो त्याची मुदत काढायचा आणि लेबल छापायचा. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवरची तारीख त्यातून निघायची. इतक्या वर्षांत एक लेबल चुकलं नव्हतं. साहेबांनी आम्हा सगळ्यांना तोच प्रोग्रॅम नव्या पद्धतीनं लिहायला सांगितला.

काका त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी बसले. बस गावात शिरेपर्यंत खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत होते. मग म्हणाले, "भाषा आहे ना? शिकू. त्यात काय."

शिकवणी अलकापुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये होती. जेवणाच्या सुट्टीनंतर कंपनीची गाडी आम्हाला तिथे सोडायची. शिकवायला एक गुजराती मुलगी होती, नुकतीच पदवीधर झालेली, हुशार, भराभर बोलणारी. फळ्यावर लिहिता लिहिता ती मागे वळून म्हणायची, "बेन, बहु सहेलुं छे." मला त्यातलं काहीही सोपं वाटत नव्हतं, पण सुरुवातीचे दिवस मान हलवण्यात गेले. क्लास म्हणजे साचा. ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू. एका साच्यापासून दुसरा साचा बनवता येतो, मग पहिल्याचे गुण दुसऱ्याला वारशानं मिळतात. इथपर्यंत ठीक होतं.

मग आला तो भाग, ज्यानं माझी झोप नाही पण भूक नक्की घालवली. 'औषध' हा मूळ साचा. त्यापासून गोळी, सायरप आणि इंजेक्शन असे तीन साचे. तिघांची मुदत काढायची रीत वेगळी. कोबॉलमध्ये आम्ही लिहायचो, गोळी असेल तर असं कर, सायरप असेल तर तसं कर. इथे ते विचारायचंच नाही. नुसतं म्हणायचं 'मुदत काढ', आणि समोर जी वस्तू असेल ती आपापल्या रीतीनं मुदत काढेल. कुठली रीत वापरली जाईल हे लिहिताना ठरत नाही, प्रोग्रॅम चालताना ठरतं. त्यासाठी मूळ साच्यात त्या कामाच्या आधी एक शब्द लिहायचा, 'व्हर्च्युअल'.

मी तो लिहिला. प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर लेबल आलं, औषधाचं नाव बरोबर, बॅच नंबर बरोबर, आणि मुदतीच्या जागी शून्य-शून्य. गोळीला शून्य, सायरपला शून्य, इंजेक्शनलाही शून्य. मूळ 'औषध' साच्यात मी मुदत तात्पुरती शून्य ठेवली होती, आणि प्रोग्रॅम दर वेळी तिथेच जात होता. गोळी आपली रीत विसरून गेल्यासारखी वागत होती.

पुस्तक पुन्हा वाचलं. शब्द न् शब्द ताडून पाहिला. सगळं पुसून पुन्हा लिहिलं. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. पुढच्या आठवड्यात शून्य. मला सगळ्यात जास्त राग यायचा तो मशीन काहीच तक्रार करत नव्हतं याचा. चूक दाखवली असती तर निदान भांडायला कुणी समोर आहे असं वाटलं असतं. इथे सगळं सुरळीत चालायचं आणि उत्तर खोटं यायचं. शिकवणाऱ्या मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "व्हर्च्युअल लिहिलंत ना? मग यायलाच हवं," आणि पुढच्या धड्याकडे वळली. तिलाही घाई होती, तिला अभ्यासक्रम संपवायचा होता.

माझा जबडा दुखायला लागला. दात आवळून बसते हे मला कळायचं नाही, संध्याकाळी भाकरी चावताना कळायचं. एक दिवस सकाळी मुलीची वेणी घालत होते. डोक्यात तेच चाललं होतं, व्हर्च्युअल लिहिलंय, नाव तेच आहे, मग का. मुलगी एकदम ओरडली. मी केस इतके ओढले होते की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, तू नापास होणार का गं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तू बाबांना म्हणालीस ना, की जमतच नाहीये."

मी रिबीन बांधली आणि तिला दप्तर दिलं. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. त्याचा स्वभाव शांत. तो म्हणाला, "नाही जमलं तर नाही. आमच्या शाळेत कॉम्प्युटरला शिक्षक हवेच आहेत." त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं होतं, आणि मला त्याचा असा संताप आला की मी डबा तिथेच विसरून बस पकडायला गेले. माझ्या अपयशाची सोय त्यानं आधीच करून ठेवलीय असं मला वाटलं.

क्लासमध्ये सगळे आतून तापलेले होते. विभागातल्या दोन तरुण मुलांना मात्र सगळं भराभर येत होतं. त्यांनी कोबॉल फार केलंच नव्हतं. ती मागच्या बाकावर हसत बसायची आणि त्यांचं हसणं आमच्याबद्दलच आहे असं मला वाटायचं. काका पहिल्या बाकावर बसत. सगळं लिहून घेत, अक्षर सुंदर, समास आखलेला. पण त्यांची पेन्सिल मध्येच थांबायची आणि तशीच थांबून राहायची.

एका दुपारी ती मुलगी त्यांचा प्रोग्रॅम पाहत होती. त्यांनी सगळं एकाच मोठ्या साच्यात घातलं होतं, आणि आत तेच, गोळी असेल तर, सायरप असेल तर.

"काका, हे तर कोबॉलच झालं," ती म्हणाली. "जूनुं बधुं भूली जाओ ने!"

काका उठून उभे राहिले. "शुं भूली जाऊं?" त्यांचा आवाज चढला होता. "वीस वर्षं जे केलं ते? हे लेबल तुझ्या जन्माच्या वेळेपासून बाटलीवर लागतंय. तुला ताप आला असेल तेव्हा तुझ्या आईनं त्यावरची तारीख वाचून औषध दिलं असेल. ते विसरू?"

मुलीच्या हातातला खडू तसाच राहिला. ती घाबरली होती. मागच्या बाकावरचं हसणं थांबलं. काकांनी वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि ते निघून गेले.

मी त्यांच्या मागे गेले. ते खाली स्कूटरच्या रांगेपाशी उभे होते. त्यांची स्वतःची स्कूटर तिथे नव्हती, आम्ही कंपनीच्या गाडीनं आलो होतो. बहुधा ते लक्षात आल्यामुळेच ते तिथे थांबले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"सोमवारी राजीनामा देतो," ते म्हणाले.

"काका, असं काय करता?"

"अगं, त्या पोरीवर ओरडलो मी. तिचं काय चुकलं? ती शिकवतेय ते मला कळत नाही. म्हणजे वाचताना कळतं. लिहायला बसलो की हात जुन्या वाटेनंच जातो." मग ते म्हणाले, "घरी कुणाला सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस."

मी म्हणाले, "माझंही अडलंय. माझी गोळी, सायरप, सगळ्यांची मुदत शून्य येतेय. किती दिवस झाले." आणि हे सांगताना मलाच रडू फुटलं. रस्त्यावर, भर दुपारी. काका गोंधळले. त्यांनी रुमाल काढला, मला द्यावा की नाही ते त्यांना कळेना, मग त्यांनी तो परत खिशात ठेवला.

"रविवारी घरी ये," ते म्हणाले. "तुझा प्रोग्रॅम छापून आण."

वर जाऊन त्यांनी त्या मुलीची माफी मागितली. मी दाराशी होते. ती म्हणाली, "काका, तमे मोटा छो, एवुं ना बोलो." पण उरलेला वेळ ती फळ्याकडे तोंड करूनच शिकवत राहिली.

काकांचं घर शहरातल्याच अकोटा भागात होतं. रविवारी सकाळी मी प्रोग्रॅमचा लांबलचक कागद घेऊन गेले. घरी कॉम्प्युटर नव्हता, माझ्याकडेही नव्हता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. काकूंनी चहा आणि खारी आणून ठेवली आणि आमचे चेहरे पाहून त्या लगेच आत गेल्या.

काकांचा पहिलाच प्रश्न: "प्रोग्रॅम इथून कुठे जातो? बोट ठेवून दाखव."

"ते इथे ठरत नाही काका. चालताना ठरतं."

"म्हणजे मी लिहितोय आणि मलाच माहीत नाही?"

"हो."

"मग चुकलं तर जबाबदारी कुणाची?"

"तुम्ही आधी ऐका तरी!" मी एकदम बोलून गेले. त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. आत भांड्यांचा आवाज थांबला.

"तू मला शिकवू नकोस," ते म्हणाले. "मला उत्तर दे."

आम्ही बराच वेळ भांडलो. ते पुन्हा पुन्हा मशीनकडे वळत होते, मशीनच्या आत काय होतं ते दाखव म्हणत होते, आणि मी म्हणत होते की ते पाहायची गरज नाही, कल्पना समजून घ्या. कल्पना मलाही समजलेली नव्हती, मी पुस्तकातली वाक्यं म्हणत होते. त्यांनी पुस्तक उचललं आणि टेबलावर असं आपटलं की कपातला चहा सांडला. त्या दिवशी काहीच साधलं नाही. मी घरी गेले आणि ठरवलं की पुन्हा जायचं नाही.

पण सोमवारी बसमध्ये ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "रविवारी ये. मी काहीतरी काढलंय."

त्यांनी चौकोन काढले होते. मशीनच्या मेमरीचं चित्र. एका ओळीत सारखे डबे, पट्टीनं आखलेले. "तू म्हणालीस, औषधांची यादी. म्हणजे हे डबे. प्रत्येक डबा 'औषध' मावेल एवढा. बरोबर?"

"बरोबर."

"आता गोळी. ती औषधापासून बनली. तिच्यात औषधाचं सगळं आहे आणि वर तिचं स्वतःचं काहीतरी आहे. म्हणजे ती मोठी. ती ह्या डब्यात कशी मावेल?"

मी बोटानं डब्याची रुंदी मोजली.

"जेवढं औषध आहे तेवढं आत जाईल," ते म्हणाले, "आणि वरचं? ते कापलं जाईल. डब्यात गोळी राहिलीच कुठे? नुसतं औषध राहिलं. त्याला मुदत विचारली तर ते शून्यच सांगणार."

इतके दिवस मी त्या एका शब्दाभोवती फिरत होते आणि चूक शब्दात नव्हतीच. मी वस्तू डब्यात कोंबत होते. पुस्तकात मागच्या एका पानावर लहान अक्षरांत ते होतं, आम्ही दोघांनी ते शोधून काढलं. डब्यात वस्तू ठेवायची नाही, वस्तू कुठे आहे त्याचा पत्ता ठेवायचा. पत्ता गोळीचा असो की इंजेक्शनचा, सारखाच मावतो. 'मुदत काढ' म्हटलं की मशीन त्या पत्त्यावर जातं, आणि तिथे जी वस्तू असेल ती आपली रीत वापरते.

दुसऱ्या दिवशी मी चपला काढल्या न काढल्या आणि मशीनपाशी बसले. डब्यांच्या जागी पत्ते घातले. गोळीपुढे तारीख आली. सायरपपुढे वेगळी. इंजेक्शनपुढे आणखी वेगळी. मी मागे वळून काकांकडे पाहिलं. ते येऊन उभे राहिले, पडदा वाचला, हिशेब मनात करून तारखा पडताळल्या, मगच मान हलवली.

"मशीन काय करतं ते मला कळलं," ते म्हणाले. "पण असं का करायचं, ते अजून नाही कळलं. माझ्या पद्धतीनंही हीच तारीख येते."

मी प्रोग्रॅम छापायला लावला.

दिवाळीनंतर परीक्षेचा दिवस आला. साहेबांच्या शेजारी करार झालेल्या कंपनीच्या मुंबई ऑफिसातून आलेले एक गृहस्थ बसले होते. मऊ आवाजाचे, चष्म्यावरून पाहणारे. आम्ही बाकीचे मागे खुर्च्यांवर. एकेकानं पुढे जाऊन प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. दोन्ही तरुण मुलांचं पटकन झालं. मग माझं नाव आलं.

तिन्ही लेबलं बरोबर आली. मी उठायला लागले तर ते गृहस्थ म्हणाले, "थांबा. आता एक चौथं औषध घाला. मलम. त्याची मुदत ट्यूब भरल्यापासून मोजायची. इथेच घाला, आम्ही बसलोय."

हे आधीच्या दोघांना विचारलं नव्हतं. मी 'मलम' असा नवा साचा लिहिला, त्याची मुदत काढायची रीत लिहिली. बाकी कशाला हात लावला नाही. चालवलं. मलमापुढे शून्य-शून्य.

खोलीत कुणी हललं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. डबे नाहीत, मी स्वतःला सांगत होते, पत्तेच आहेत, डबे नाहीत. मग काय? मी ओळींवर बोट ठेवून वरून खाली वाचायला लागले, पडद्यावरच, सगळ्यांसमोर. आणि बोट थांबलं. घाईत कामाच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर मी कॅपिटल लिहिलं होतं. मशीनच्या दृष्टीनं ते दुसरंच नाव. मलमानं आपली रीत वेगळ्याच नावानं ठेवली होती, म्हणून मशीन मूळ औषधाकडे गेलं. एक अक्षर बदललं. तारीख आली.

"मूळ साच्यात शून्य ठेवलंत कशाला?" ते गृहस्थ म्हणाले. "तिथे काहीच ठेवू नका, रीत लिहिणं सक्तीचं करा. मग विसरलात तर मशीन चालूच होणार नाही." ते रागावले नव्हते. मी मागे येऊन बसले.

मग काका. त्यांनी जुन्याच पद्धतीनं लिहिलं होतं, एकच मोठा साचा आणि आत सगळ्या पायऱ्या. पण लेबलं स्वच्छ, तारखा अचूक. त्या गृहस्थांनी एक अडचणीची तारीख घालून पाहिली, एकोणतीस फेब्रुवारी. काकांचा प्रोग्रॅम डगमगला नाही.

"आधीच्या तिघांच्या प्रोग्रॅममध्ये हे नव्हतं," ते गृहस्थ म्हणाले. आमच्या सगळ्यांच्या माना खाली. मला वाटलं, झालं, सुटले काका. मग ते म्हणाले, "आता मलम घाला."

काका लिहायला लागले. मुदतीच्या ठिकाणी एक ओळ वाढवली. मग लेबलाच्या मथळ्याच्या ठिकाणी. मग साठवणुकीच्या सूचनेच्या ठिकाणी. मग छपाईच्या. प्रत्येक ठिकाणी तीच शिडी होती, गोळी असेल तर, सायरप असेल तर, आणि प्रत्येक शिडीला एक पायरी वाढवायची होती. ते वर जात, खाली येत, पुन्हा वर जात. त्यांच्या मानेवर घाम आला. एसी चालू होता. साहेब पेन आपटत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, एक पायरी राहिली, ती वरची, पण बोलायची परवानगी नव्हती.

त्यांनी चालवलं. मलमाची तारीख बरोबर आली. पण सायरपच्या बाटलीवर मलमाची तारीख छापली गेली.

काकांनी ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला. मग ते खुर्चीत वळले आणि साहेबांना सोडून माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "अगं, मलमाला हात लावला आणि सायरप बिघडलं. ह्याच्यासाठीच ते. तुझ्या प्रोग्रॅममध्ये सायरपला कुणी हातच लावला नाही." त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"व्हॉट हॅपन्ड?" साहेबांनी विचारलं.

"आय अंडरस्टुड इट, सर," काका म्हणाले. "टुडे ओन्ली."

साहेबांनी पुढच्याचं नाव घेतलं.

आम्हाला एकेकाला केबिनमध्ये बोलावून निर्णय सांगण्यात आला. मी नव्या टीममध्ये. काकांना पॅकिंग विभागात, छापून आलेल्या लेबलांवर नजर ठेवायला. मी त्याच पावली साहेबांकडे परत गेले. आधी कधी मी त्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते.

"एकोणतीस फेब्रुवारी कुणी तपासला होता, सर? आम्ही कुणी नाही."

"मला त्यांची बुद्धी दिसली," साहेब म्हणाले. "माझ्याकडे वेळ नाही. मार्चमध्ये सिस्टिम द्यायची आहे."

"माझी चूकही त्यांनीच शोधली होती."

"मग तुम्हाला घ्यायला नको होतं, असं म्हणायचंय का?"

त्या प्रश्नापुढे माझी नोकरी उभी होती आणि मी तिच्यासमोरून बाजूला झाले नाही. संध्याकाळी काकांना हे कळलं तेव्हा ते उलट माझ्यावरच चिडले. "वकिली करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

पॅकिंगला ते गेलेच नाहीत. त्या काळात कंपन्या स्वेच्छानिवृत्ती देत होत्या, त्यांनी ती घेतली. शेवटच्या दिवशी समोसे-जिलेबी झाली, भाषणं झाली. साहेबांनी त्यांना घड्याळ दिलं. काकांनी ते खिशात टाकलं आणि ते बसमध्ये जाऊन बसले. माझ्या शेजारी नाही, पुढे ड्रायव्हरजवळ. मला फार लागलं ते.

पुढचे काही आठवडे मी त्यांच्या घरी गेले नाही. काय तोंडानं जाणार असं वाटायचं. मग अलकापुरीत ती शिकवणारी मुलगी भेटली. मला पाहताच हसायला लागली. "बेन, तमारा काका तो मारे त्यां आवे छे!" काकांनी तिच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये नाव घातलं होतं, कॉलेजच्या मुलांबरोबर. पहिल्या बाकावर बसतात, ती म्हणाली, आणि समजलं नाही की सरळ उभे राहून तसं सांगतात. आधी मुलं हसायची. आता मुलंच म्हणतात, काका, आमचंही विचारा. लेबलांचा प्रोग्रॅम त्यांनी पहिल्यापासून नव्यानं लिहायला घेतला होता. कंपनीसाठी नाही, कुणासाठीच नाही.

"जमलं का त्यांना?" मी विचारलं.

"दोनदा सगळं पुसून टाकलं रागानं. मी खूप ओरडले त्यांना," ती म्हणाली. मग जरा लाजली. "तिसऱ्यांदा जमलं."

काका मला भेटले ते थेट उन्हाळा लागता लागता, खंडेराव मार्केटात. मी मेथी निवडत होते, ते हातात पिशवी घेऊन कैरीचा भाव करत होते. आम्ही एकमेकांना पाहून क्षणभर अवघडलो. ते वाळले होते, पण ठीक दिसत होते.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणणार होते, छान चाललंय. पण तोंडातून खरं निघून गेलं. "अडलंय काका. चार दिवस झाले, डोकं फुटायची वेळ आलीय. पावडरचं इंजेक्शन आलंय नवं. पाण्यात मिसळून टोचायचं. ते साठवायचं गोळीसारखं, द्यायचं इंजेक्शनसारखं. म्हणून मी त्याला दोन्ही साच्यांपासून बनवलं. तर आता एका वस्तूत औषध दोनदा येतंय. गोळीकडून एक, इंजेक्शनकडून एक."

काकांनी कैरी खाली ठेवली. "दोनदा?"

"दोनदा."

"मग मुदत कुठल्या औषधाची छापतेस?"

"तेच तर कळत नाहीये!"

"थांब, थांब." त्यांनी पिशवी पायाशी ठेवली आणि टोपलीच्या कडेवर बोटानं चौकोन काढायला लागले. वर एक, खाली दोन, त्यांच्याही खाली एक. मी वाकून पाहत होते. आमच्या मागे लोक खोळंबले होते, आणि भाजीवाली बाई कंटाळून म्हणाली, "ओ काका, ओ बेन, जरा बाजु पर ऊभा रहो ने!"

आम्ही बाजूला सरकलो, फळांच्या रिकाम्या पेट्यांपाशी, आणि काकांनी पुन्हा वरच्या चौकोनापासून सुरुवात केली.